विंडोज ११ चं लायसन्स: खरी की, स्वस्त की आणि मदरबोर्डात आधीच असलेली की

लायसन्स की विकत घ्यायला निघालेल्या बऱ्याच जणांकडे ती आधीपासूनच असते. लॅपटॉप फॉरमॅट मारून आणला, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'ॲक्टिव्हेट विंडोज' असा पुसट वॉटरमार्क दिसायला लागला, की माणूस मोबाइल काढतो आणि पाचशे रुपयांत पंचवीस अक्षरं मागवतो. ती चालतातही. पुढच्या फॉरमॅटला मात्र 'ही की ब्लॉक केलेली आहे' असं उत्तर येतं, आणि तोवर विकणाऱ्याने गाशा गुंडाळलेला असतो.

विंडोज ११ च्या ॲक्टिव्हेशनला यंत्रणा म्हणून आम्ही चांगले गुण देऊ. लायसन्स खरं असेल आणि इंटरनेट चालू असेल तर बहुतेक वेळा वापरणाऱ्याला काही करावंच लागत नाही. गुण कापायचे ते माहिती लपवण्याचे. 'विंडोज इज ॲक्टिव्हेटेड' ही हिरवी खूण एवढंच सांगते की मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरने की स्वीकारली. ती कोणाला दिलेली होती, कोणत्या कराराखाली दिलेली होती, उद्या टिकेल का, यातलं काहीही त्या पानावर नसतं. स्वस्त की विकणाऱ्यांचा सगळा धंदा या एका पोकळीवर उभा आहे.

आधी मशीनला विचारा

२०१२ साली विंडोज ८ आलं, तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉपच्या पाठीवर की छापलेला स्टिकर येत नाही. कारखान्यातच ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातच कायम असणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एमएसडीएम नावाच्या तक्त्यात लिहून ठेवतात. विंडोज टाकताना सेटअप ती स्वतः वाचतो, त्यानुसार आवृत्ती निवडतो, आणि मशीन नेटला जोडलं की ॲक्टिव्हेशन आपोआप होतं. म्हणजे विंडोजसह घेतलेला लॅपटॉप कितीही वेळा फॉरमॅट मारा, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, रॅम वाढवा, नवी की लागत नाही.

मग वॉटरमार्क येतो कुठून? बऱ्याचदा आवृत्तीच्या घोटाळ्यातून. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा घरगुती लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती असते. फॉरमॅट मारणाऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये मात्र प्रो, म्हणजे महागडी आवृत्ती, आधीच ठरवून ठेवलेलं असतं. सोर्सेस फोल्डरमध्ये ईआय डॉट सीएफजी किंवा पीआयडी डॉट टीएक्सटी नावाची दोन-चार ओळींची फाइल टाकली की सेटअप बोर्डातल्या कीचं ऐकत नाही. ग्राहक खूश, कारण होमच्या जागी प्रो मिळालं. प्रत्यक्षात बोर्डातली की होम सिंगल लँग्वेजची आणि वर बसलेलं विंडोज प्रो, तेव्हा दोघांचं जमत नाही. आणि मग तोच माणूस प्रोची की विकायलाही तयार असतो.

यावर उपाय फुकट आहे, फक्त वेळ खातो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा, त्यावरून विंडोज नव्याने टाका. सेटअपने की विचारली नाही आणि आवृत्तीची यादीही दाखवली नाही, तर समजा की बोर्डातली की सापडली. डेटा आधी दुसरीकडे काढून ठेवा, कारण प्रोवरून होमवर नुसती की बदलून उतरता येत नाही. होमवरून प्रोवर चढता येतं. वाट एकाच दिशेची आहे.

बोर्डात की आहे का हे पेनड्राइव्ह न लावताही कळतं. पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायची, गेट-सीआयएमइन्स्टन्स ही आज्ञा सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिस या वर्गावर चालवायची आणि ओए३एक्सओरिजिनलप्रॉडक्टकी ही नोंद मागायची. हे सगळं अर्थात रोमन अक्षरांत, प्रत्येक नाव मध्ये जागा न सोडता. पंचवीस अक्षरं दिसली तर की आहे, रिकामी ओळ आली तर नाही. याच नोंदीच्या नावापुढे 'डिस्क्रिप्शन' जोडून विचारलं तर आवृत्तीही कळते: 'कोअर' म्हणजे होम, 'कोअरसिंगललँग्वेज' म्हणजे होम सिंगल लँग्वेज, 'प्रोफेशनल' म्हणजे प्रो. जुन्या व्हिडिओंमध्ये यासाठी डब्ल्यूएमआयसी हे आज्ञा देण्याचं जुनं साधन वापरायला सांगतात. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांतून ते साधन काढत आणलं आहे, त्यामुळे 'ही आज्ञा ओळखता आली नाही' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ की नाही असा घेऊ नका.

दोन प्रकारच्या मशीनमध्ये ही नोंद रिकामीच निघणार. एक, असेम्बल केलेला पीसी. दुसरा, 'फ्रीडॉस' लिहून, म्हणजे विंडोजशिवाय, थोडा स्वस्तात विकला जाणारा लॅपटॉप. फ्रीडॉसवाला लॅपटॉप घेऊन वाचवलेले पैसे खऱ्या लायसन्सला पुरत नाहीत. विंडोजच वापरायचं पक्कं असेल तर विंडोजसह आलेलं मॉडेल घेणं हाच हिशेबाने बरा सौदा. कारखान्यात कंपनीला लायसन्स ज्या भावात पडतं त्या भावात ते तुम्हाला दुकानात कधीच मिळत नाही.

विंडोज १० वाल्यांसाठीही एक गोष्ट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून 'विंडोज ११ साठी वेगळी की घ्यावी लागेल' असं सांगून विकणारे दिसतात. ते खोटं आहे. ॲक्टिव्हेट असलेलं विंडोज १० त्याच मशीनवर, त्याच आवृत्तीत विंडोज ११ वर नेलं तर लायसन्स सोबत येतं. अडतं ते टीपीएम २.० या सुरक्षा चिपवर आणि प्रोसेसरच्या वयावर, आणि त्यावर कुठलीही की इलाज नाही. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की टाकून १० किंवा ११ ॲक्टिव्हेट करायची जी पळवाट वर्षानुवर्षं चालत होती, ती मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. त्या भरवशावर जपून ठेवलेले जुने स्टिकर आता नव्या विंडोजच्या कामाचे नाहीत.

कोणती की काय देते

रिटेल, म्हणजे दुकानातून सुटं घेतलेलं लायसन्स, हे सगळ्यात महाग आणि सगळ्यात सुटसुटीत. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या दुकानात होम १३९ डॉलरला आणि प्रो १९९ डॉलरला आहे. रुपयांतही रक्कम हलकी नाही. पण ते मशीनला जन्मभर बांधलेलं नसतं. जुना पीसी मोडीत काढला की त्यावरून उतरवून नव्यावर चढवता येतं, मात्र एका वेळी एकाच मशीनवर. जो माणूस दर तीन-चार वर्षांनी मदरबोर्ड बदलतो, त्याने दुसरं काही घेऊच नये. उतरवायची रीत अशी: कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा, 'एसएलएमजीआर /यूपीके' चालवा, मग 'एसएलएमजीआर /सीपीकेवाय'. पहिल्याने की निघते, दुसऱ्याने रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, राहिलेली तिची प्रत पुसली जाते. जुनं मशीन विकायचं असेल तर दुसरी पायरी विसरू नका.

ओईएम, म्हणजे असेम्बल करणाऱ्याने नव्या मशीनसोबत द्यायचं लायसन्स, रिटेलपेक्षा स्वस्त. ते त्या मदरबोर्डसोबत जगतं आणि त्याच्यासोबत मरतं. मदतीसाठीही मायक्रोसॉफ्टकडे नाही, मशीन जोडून देणाऱ्याकडे जायचं असतं. दुकानातला डेस्कटॉप पाच-सात वर्षं जसाच्या तसा चालवायचा असेल तर हे पुरेसं आहे. फक्त पाकिटात कॅबिनेटला चिकटवायचं लेबल असायला हवं. लेबल नाही, नुसती व्हॉट्सॲपवर आलेली की आहे, तर ते ओईएम लायसन्स म्हणून धरू नका, विकणारा काहीही म्हणो.

व्हॉल्यूम लायसन्स कंपन्या आणि शिक्षणसंस्थांसाठी. त्याचे दोन प्रकार. एमएके ही एकच की ठरावीक संख्येच्या मशीनवर चालते. प्रत्येक ॲक्टिव्हेशनला शिल्लक एकाने घटते. केएमएसमध्ये संस्थेच्या नेटवर्कवर स्वतःचा सर्व्हर असतो. त्याच्याकडे निदान २५ मशीननी हजेरी लावली की तो ॲक्टिव्हेट करायला लागतो. असं ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकतं, आणि मशीन दर सात दिवसांनी सर्व्हरला गाठून मुदत वाढवून घेतं. इथे बाजारातल्या जाहिराती ओळखायची मेख आहे. होम आवृत्ती मायक्रोसॉफ्ट व्हॉल्यूमवर विकतच नाही, त्यामुळे 'होमची व्हॉल्यूम की' असं कोणी म्हणालं तर पुढे बोलू नका. आणि व्हॉल्यूमचं विंडोज हे मुळात अपग्रेड लायसन्स आहे: मशीनवर आधी पात्र विंडोज असावं लागतं. कोऱ्या पीसीवर टाकायला ते कायदेशीरपणे कोणी विकूच शकत नाही.

आता पाचशे रुपयांची की. ती येते कुठून? एखाद्या कंपनीची फुटलेली एमएके, डेव्हलपरच्या सबस्क्रिप्शनमधली तपासणीसाठी दिलेली की, कॉलेजला मिळालेली एज्युकेशनची की, भंगारात गेलेल्या मशीनच्या स्टिकरवरून उतरवलेली की, नाहीतर चोरीच्या कार्डाने घेतलेली रिटेल की. सर्व्हरच्या दृष्टीने ही सगळी अक्षरं खरीच असतात, म्हणून खूण हिरवी होते. मूळ मालकाच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आलं की की ब्लॉक होते. काही मशीन लगेच बोंबलतात, काही पुढच्या फॉरमॅटपर्यंत गप्प राहतात. एका एमएकेवर कितीजण बसवलेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. 'लाइफटाइम वॉरंटी'चा खरा अर्थ, चॅट चालू आहे तोवर दुसरी की पाठवू, एवढाच.

घरगुती वापरात यावर कोणी धाड घालायला येत नाही हे खरं. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ बी नुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे: कमीत कमी सात दिवस, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५०,००० पर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. म्हणजे सीएचं ऑफिस, पॅथॉलॉजी लॅब, क्लासेस, छापखाना यांनी तरी हा जुगाड करू नये. बिलाच्या अंगानेही तो महागच पडतो: लायसन्सवर १८ टक्के जीएसटी असतो, आणि त्याचं क्रेडिट घ्यायला तुमच्या जीएसटी क्रमांकाचं रीतसर बिल लागतं. पाचशेच्या कीला ते मिळत नाही.

आणि 'ॲक्टिव्हेटर' नावाची जी छोटी प्रोग्रॅम फिरतात, त्यांच्याबद्दल थोडक्यात: चालवण्याआधी डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, बंद करा म्हणतात, तेवढ्यावरूनच ओळखा. बँकेचं लॉगिन ज्या मशीनवर होतं तिथे ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क देऊन कोणाचं तरी अनोळखी काम चालवायचं, हे दहा हजार वाचवायला केलं तरी महागच.

की टाकताना

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन असा रस्ता. विंडोज १० मध्ये हेच पान 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली आहे. 'चेंज प्रॉडक्ट की'वर दाबलं की की लिहायची चौकट येते; मधल्या रेघा टाइप करायच्या नसतात, त्या आपोआप पडतात. हे पानच उघडत नसेल तर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'एसएलयूआय ३' लिहा, थेट तीच चौकट उघडते.

लेबलवर की राखाडी पट्टीखाली झाकलेली असते. ती नाण्याने खरवडायची सवय सोडा. नखाने, हलक्या हाताने, एकाच दिशेने. जोर लावला तर पट्टीसोबत छपाईही निघते आणि मधलाच एक गट कायमचा जातो. अक्षरं वाचताना एक गोष्ट माहीत असली की निम्मे घोळ मिटतात. या कीमध्ये शून्य, एक आणि पाच हे आकडे कधीच नसतात, आणि ए, ई, आय, एल, ओ, एस, यू, झेड ही अक्षरंही नसतात. म्हणजे गोल दिसतंय ते ओ की शून्य, हा प्रश्नच नाही: ते क्यू किंवा डी असणार. वाकडं दिसतंय ते एस किंवा पाच नाही, तर बहुधा आठ किंवा बी. खरा गोंधळ उरतो तो बी आणि ८, जी आणि ६, व्ही आणि वाय यांचा. विंडोज ८ पासूनच्या कीमध्ये एन हे अक्षर असतं. जुन्या कीमध्ये ते वापरतच नव्हते. पुसट लेबल असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा, पण तो फोटो ग्रुपवर टाकून 'हे काय आहे' असं विचारू नका. त्यातली की दुसराच कोणी वापरून मोकळा होईल.

होमवर प्रोची की टाकताना काही वेळा 'ही की चालत नाही' असं येतं, की खरी असूनही. अशा वेळी नेट बंद करायचं, मायक्रोसॉफ्टने स्वतः प्रसिद्ध केलेली प्रोची डीफॉल्ट की टाकायची, मशीन रीस्टार्ट होऊन प्रो झालं की नेट चालू करून आपली विकत घेतलेली की टाकायची. डीफॉल्ट कीने आवृत्ती बदलते, ॲक्टिव्हेशन होत नाही. ती फुकटचं लायसन्स समजून कोणी विकत असेल तर हसून पुढे जा.

प्रो घ्यावं का, हा प्रश्न नेहमी येतो. बाहेरून रिमोट डेस्कटॉपने याच मशीनवर यायचं असेल, ऑफिसच्या डोमेनला, म्हणजे तिथल्या एकत्रित लॉगिन व्यवस्थेला, जोडायचं असेल, हायपर-व्ही (पीसीतच आभासी पीसी चालवणं) किंवा ग्रुप पॉलिसी (मशीनवरचे नियम एका जागेवरून ठरवणं) लागणार असेल तर घ्या. नुसतं टॅली, एक्सेल आणि ब्राउझर असेल तर होम पुरतं.

एरर कोड काय म्हणतो

सगळे कोड 'शून्य-एक्स'ने सुरू होतात. खाली तो भाग गाळला आहे. मायक्रोसॉफ्टचा मजकूर गोलमोल असतो, कोड मात्र नेमका असतो, म्हणून दुकानात फोन करण्याआधी कोड लिहून घ्या.

'सी००४सी००३' म्हणजे की ब्लॉक केलेली आहे. स्वस्त कीचा शेवट बहुधा इथेच होतो. 'सी००४सी००८' म्हणजे ती आधीच मर्यादेपेक्षा जास्त मशीनवर वापरली गेली. रिटेल की स्वतःच्याच जुन्या पीसीवर राहिली असेल तरी हा येतो, तेव्हा आधी जुन्यावरून काढा. 'सी००४सी०२०' हा एमएकेचा कोटा संपल्याचा. घरच्या मशीनवर हा दिसला तर तुम्हाला कंपनीची की विकली गेली आहे, यात शंका उरत नाही. परताव्यासाठी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

'सी००४एफ०५०' म्हणजे की चुकीची, किंवा चुकीच्या आवृत्तीची. आधी बी आणि ८ तपासा, मग आवृत्ती. 'सी००४एफ०७४' म्हणजे केएमएस सर्व्हर सापडला नाही. हा ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर येतो, बहुतेक वेळा घरून काम करताना सहा महिने व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची जोडणी, न लावल्यामुळे. ऑफिसचं व्हीपीएन लावून 'एसएलएमजीआर /एटीओ' चालवलं की प्रश्न मिटतो. नाही मिटला तर पोर्ट १६८८, म्हणजे केएमएसचा नेटवर्कवरचा मार्ग, अडवलेला आहे का हे आयटीवाल्यांना विचारा. नोकरी सोडताना तोच लॅपटॉप विकत घेतला असेल तर मात्र ते लायसन्स कंपनीकडेच राहतं. अशा वेळी बोर्डातली मूळ की शोधा, बऱ्याच बिझनेस लॅपटॉपमध्ये ती प्रोची असते.

'८००७२एफ८एफ' हा सगळ्यात निरुपद्रवी आणि सगळ्यात जास्त पळवणारा कोड. तारीख-वेळ चुकलेली असते, म्हणून सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. घड्याळ लावलं की काम होतं. पण रोज सकाळी तारीख मागेच जात असेल तर डेस्कटॉपमधला सीआर२०३२ सेल बदला. पन्नासएक रुपयांच्या सेलपायी लोकांनी नवी लायसन्स घेतलेली आहेत.

काही वेळा दोष आपल्याकडे नसतोच. ८ नोव्हेंबर २०१८ ला मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरमधल्या बिघाडामुळे खरं प्रो लायसन्स असलेली मशीन अचानक 'ॲक्टिव्हेट नाही' म्हणायला लागली होती. बिघाड दुरुस्त झाल्यावर ती पुन्हा जागेवर आली. तेव्हा कालपर्यंत चालणारं मशीन आज काहीही न बदलता कुरकुरायला लागलं, तर एक दिवस थांबा. ॲक्टिव्हेट नसलेलं विंडोज बंद पडत नाही. वॉलपेपर आणि रंग बदलता येत नाहीत, वॉटरमार्क छळतो, पण फाइली उघडतात आणि सुरक्षेचे अपडेटही येतात.

मदरबोर्ड बदलताना

'सी००४एफ२११' किंवा '८०३एफ७००१' हे कोड बहुधा मदरबोर्ड बदलल्यावर येतात. डिजिटल लायसन्स मशीनच्या हार्डवेअरच्या ठशावर बांधलेलं असतं, आणि त्या ठशात सगळ्यात वजन मदरबोर्डला. म्हणून बोर्ड बदलण्याआधी, मशीन चालू असतानाच, ॲक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट' असं लिहिलेलं आहे का पाहा. नसेल तर तिथूनच अकाउंट जोडा. बोर्ड बदलल्यावर त्याच पानावरचा ट्रबलशूटर उघडायचा, 'मी अलीकडे हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडायचा, अकाउंटने लॉगिन करायचं आणि यादीतल्या जुन्या नावावर 'हेच मशीन सध्या वापरतो आहे' अशी खूण करून ॲक्टिव्हेट दाबायचं. म्हणूनच पीसीला ओळखू येईल असं नाव द्यावं. यादीत 'डेस्कटॉप' आणि पुढे सात अगम्य अक्षरं असलेली चार नावं दिसली की गाडं अडतं. हे रिटेलसाठी आहे. ओईएमला ट्रबलशूटर बहुधा नकार देतो, आणि नियमाने तेच बरोबर.

ब्रँडेड लॅपटॉपचा बोर्ड सर्व्हिस सेंटरमध्ये बदलला तर नव्या बोर्डात विंडोजची की लिहून देणं हे त्यांचं काम. मशीन ताब्यात घेताना काउंटरवरच पॉवरशेलची वरची आज्ञा चालवून पाहा. नोंद रिकामी असेल तर जॉबशीटवर सही करू नका. घरी आल्यावर तेच काम करून घ्यायला पुन्हा हेलपाटे पडतात.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे, आणि तिचा लायसन्सशी संबंध नाही. बोर्ड बदलला की टीपीएमही बदलतं, आणि डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, असेल तर सुरू होताना ते कुलूप उघडणारी ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने हे नकळत चालू झालेलं असू शकतं. लायसन्सची की गेली तर पैसे जातात. ही की गेली तर डेटा जातो. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती साठवलेली आहे का ते आधी बघून कागदावर उतरवून घ्या, मगच लॅपटॉप टेबलावर ठेवा.

जुना लॅपटॉप घेताना

विकणारा 'ओरिजिनल विंडोज आहे' म्हणतो तेव्हा तीन मिनिटं मागून घ्या. 'एसएलएमजीआर /डीएलव्ही' चालवा. चौकट यायला काही सेकंद लागतात, धीर धरा, पुन्हा पुन्हा एंटर मारला तर चौकटींची रांग लागते. त्यात 'डिस्क्रिप्शन'समोर चॅनेल, म्हणजे लायसन्सचा प्रकार, लिहिलेला असतो. 'ओईएम_डीएम' असेल तर की बोर्डातली आहे, उत्तम. 'रिटेल' असेल तर शेवटची पाच अक्षरं पाहा: प्रोवर '३व्ही६६टी' किंवा होमवर '८एचव्हीएक्स७' दिसलं तर ती डीफॉल्ट की आहे आणि मशीन डिजिटल लायसन्सवर चालतं, यात वावगं काही नाही. दुसरी कुठली पाच अक्षरं असतील तर बिल मागा. 'व्हॉल्यूम_एमएके' दिसलं तर भाव करताना विंडोजची किंमत शून्य धरा. 'व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट' असेल आणि 'एसएलएमजीआर /एक्सपीआर' पुढच्या काही महिन्यांतली तारीख दाखवत असेल, तर ते एकतर कुठल्यातरी कंपनीचं मशीन आहे नाहीतर त्यावर ॲक्टिव्हेटर चालवलेलं आहे. दोन्ही बाबतीत विंडोज पुसून नव्याने टाकायचं, आणि बोर्डात की सापडली तर तेच मशीन विनाखर्च कायदेशीर होतं. रीफर्बिश्ड लॅपटॉप नोंदणीकृत दुकानातून घेत असाल तर त्यावर 'रीफर्बिश्ड पीसी' असं छापलेलं मायक्रोसॉफ्टचं वेगळं लेबल आहे का तेही पाहा. असेल तर की त्यावरच असते, आणि तिचा क्रमांक बिलावर लिहून घ्यायला दुकानदार सहसा नाही म्हणत नाही.